मुलाने ठेवलेली शाळेची नोंद

(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे एक जुने पुस्तक असते. त्याला कोणी दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात, कोणी जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने त्यात आखलेले असतात. शाळेच्या लेखी मूल त्या एका ओळीत मावते. परंतु शाळा मुलाची नोंद करीत असते त्याच काळात मूलही शाळेची नोंद करीत असते. ती शाईने लिहिलेली नसते, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही नसते आणि तपासणीच्या दिवशी ती कोणी मागत नाही. मात्र पन्नास-साठ वर्षे लोटली, रजिस्टराची पाने पिवळी पडली, तरी ही दुसरी नोंद पुसली जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही दुसरी नोंद हाच आहे.

गावातील वृद्ध मंडळींना त्यांच्या शाळेविषयी विचारावे. विषय निघताच त्यांचे चेहरे खुलतात. पाटी, तिची लाकडी चौकट, पेन्सिलीचा जपून ठेवलेला तुकडा, पाटी पुसण्याचे ओले फडके, यांची आठवण प्रथम निघते. शाळेची जमीन शेणाने सारवावी लागे. मुली शेण आणीत, मुले विहिरीवरून पाणी आणीत. सायंकाळी सर्व वर्ग एकत्र बसून पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचा घोष गावाबाहेरच्या शेतापर्यंत ऐकू जाई. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांचा व्यवहारातील उपयोग ओसरला. तरी ज्यांनी ते म्हटले त्यांच्या जिभेवर ते आजही आहेत. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढावयाची, स्वातंत्र्यदिनी प्रभातफेरीनंतर लिमलेटची गोळी मिळावयाची, १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळावयाची, हे सारे ते सांगतात.

हे सांगून झाल्यावर थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा ऐकावे. आता निराळ्या आठवणी निघतात. कोणी म्हणतो, 'आमची रांग दाराजवळ असे.' कोणी म्हणते, 'घरी धाकटे भावंड होते, म्हणून चौथीनंतर शाळा सुटली. बाई एकदा घरी येऊन गेल्या होत्या, पण वडिलांनी ऐकले नाही.' कोणी म्हणतो, 'गुरुजी मला माझ्या नावाने कधी हाक मारीत नसत, बापाच्या धंद्याच्या नावाने मारीत.' शाळेत शिकवलेल्या धड्यांपैकी किती धडे आठवतात, असे विचारले तर दोन-तीन कवितांपलीकडे उत्तर जात नाही. पण आपण कोठे बसत होतो, तहान लागल्यावर पाणी कोण देई, आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली जाई, आणि आपल्या घरी कोण येऊन गेले, हे मात्र सर्वांना आठवते.

असे का व्हावे, याचा विचार शिक्षकाने केला पाहिजे. मूल घरातून प्रथम बाहेर पडते ते शाळेत जाण्यासाठी. घरात त्याला मिळणारे स्थान जन्माने मिळालेले असते. शाळेत मात्र ते स्थान दुसऱ्याने द्यावयाचे असते. म्हणून पहिल्या दिवसापासून ते मूल एकच प्रश्न मनाशी विचारीत असते: 'हे घर माझे आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. बसण्याची जागा, पाण्याचा पेला, हाक मारताना उच्चारलेले नाव, यांतून त्याला ते मिळते. धड्याचा अर्थ मुलाला सावकाश समजतो. वागणुकीचा अर्थ त्याला त्याच क्षणी समजतो.

या विधानाची साक्ष महाराष्ट्रातील थोर व्यक्तींच्या आठवणींत सापडते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांच्या आत्मकथनपर टिपणांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी आपल्या बालपणीच्या शाळेचे वर्णन केले आहे. वर्गातील गुणक्रमानुसार इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात एकट्याने बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज सायंकाळी घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. इतर मुलांना तहान लागली तर गुरुजींची परवानगी घेऊन त्यांनी नळाशी जावे एवढेच पुरे असे. या मुलाला मात्र नळाला हात लावण्याची बंदी होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. शाळेबाहेरही तोच अनुभव होता. न्हावी केस कापीत नसे, म्हणून थोरली बहीण घरीच भावांचे केस कापी.

हे वर्णन वाचताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोठमोठ्या ग्रंथांचा व्यासंग केलेल्या, देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविलेल्या या पुरुषाने बालपणीच्या शाळेविषयी लिहावयास घेतले तेव्हा त्यांच्या लेखणीतून प्रथम उतरले ते गोणपाट आणि नळ. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या सत्याग्रहाची कारणे व्यापक होती. एका शाळेतील नळाला त्याचे सारे श्रेय किंवा दोष देणे उतावळेपणाचे ठरेल. परंतु पाण्यापासून दूर ठेवलेले मूल ती तहान विसरत नाही, इतके तरी त्यावरून निश्चित समजते.

दुसरी साक्ष कागलच्या आनंद यादवांची आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'झोंबी' या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा. वडिलांनी त्याला शाळेतून काढून शेताच्या कामाला जुंपले होते. आईच्या खटपटीने आणि गावातील वजनदार गृहस्थाच्या शब्दाने तो पुन्हा पाचवीच्या वर्गात आला. बरोबरीची मुले पुढे निघून गेली होती. वर्ग नवा, मुले लहान, ओळखीचे फारसे कोणी नाही. एका खोडकर मुलाने त्याच्या डोक्याला गुंडाळलेले वस्त्र ओढून घेतले आणि त्याच्या पोशाखाची थट्टा केली. ज्या शाळेसाठी एवढी धडपड केली तिच्यापेक्षा आपले शेतच बरे, असे त्या मुलाला वाटू लागले. एखाद्या मुलाची शाळा सुटण्याचे खरे कारण पुष्कळदा इतके लहान असते. रजिस्टरात मात्र त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' एवढेच दोन शब्द पडतात.

या मुलाच्या नावापुढे ते शब्द पडले नाहीत. का पडले नाहीत, याचे उत्तरही त्याच आठवणींत आहे. वर्गातील एका हुशार मुलाशी त्याची मैत्री जमली. गणिताचे शिक्षक त्याला 'आनंदा' अशी आपुलकीने हाक मारू लागले. शाळेविषयीचा त्याचा विश्वास वाढू लागला. पुढे मराठी शिकवणारे सौंदलगेकर मास्तर त्याला भेटले. ते कविता गाऊन, हावभाव करून शिकवीत. स्वतः कविताही करीत. त्यांच्या दारात एक वेल होती आणि तिच्यावर त्यांनी कविता केली होती. वेल मुलाने पाहिलेली होती, कविताही त्याने वाचली. कविता करणारी माणसे आपल्यासारखीच हाडामांसाची असतात आणि आपल्या भोवतालच्या वस्तूंवरही कविता करता येते, हे त्याला तेव्हा उमगले. मग शेताला पाणी पाजताना, गुरे राखताना तो ओळी जुळवू लागला. कागद जवळ नसला तर काडीने म्हशीच्या पाठीवर अक्षरे काढू लागला. थट्टेने ज्याची शाळा सुटावयाची वेळ आली होती, तो एका हाकेने आणि दारातल्या एका वेलीने शाळेत राहिला व लेखक झाला. या दोन्ही गोष्टींना सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्च आला नाही.

येथवर वर्गाच्या चार भिंतींतील गोष्टी झाल्या. परंतु मुलाच्या आठवणींत शाळा आणि शेजार अशा दोन वेगळ्या पेट्या नसतात. शाळा सुटल्यावर पाटी-दप्तर ओट्यावर टाकून मूल पळते ते पाराकडे. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, हुतूतू, सागरगोटे हे सारे त्याला आळीने शिकवलेले असते. कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, सुताराचा रंधा यांच्यापुढे ते तासन्‌तास उभे राहते. विटी किती दांड्यांवर पडली हे मोजताना त्याची गणती पक्की होते. भांडण झाले तर निवाडा करावा लागतो, म्हणून न्याय म्हणजे काय याचेही शिक्षण होते. आळीतील एखादी आजी सर्वांच्या मुलांना आपलीच समजून दटावते आणि भाकरीचा तुकडाही देते. हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नाही, पण ते झालेले असते.

तथापि आळीच्या आठवणी गोड तेवढ्याच सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे. आळीला कुंपणही होते. कोणी कोणत्या विहिरीवर जावे, कोणाच्या ओट्यावर बसू नये, मुलीने किती वर्षांपर्यंत बाहेर खेळावे, हेही आळीच ठरवीत असे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला. शिकणे हा अपराध असल्याप्रमाणे घरातील वडीलधाऱ्या बायका त्यांना टोचून बोलत. त्यांच्या बालपणाच्या आठवणींत शाळाच नाही. महाराष्ट्रातील अशा असंख्य स्त्रिया होऊन गेल्या की, ज्यांच्या आठवणींतील शाळेची जागा रिकामी राहिली आणि ज्यांनी ती रिकामी जागा लिहूनही ठेवली नाही.

म्हणून गावातील प्राथमिक शाळेचे महत्त्व आगळे आहे. सर्व आळ्यांची मुले एका रांगेत बसतात अशी गावात बहुधा ती एकच जागा असते. देवळात जाणारे वेगळे, पाणवठे वेगळे, लग्नाच्या पंगती वेगळ्या. पण हजेरीपट एक. शिक्षक हजेरी घेतो तेव्हा ज्या नावांना गावाने वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले ती नावे एकापाठोपाठ एक उच्चारली जातात. ही साधी घटना नव्हे. आळीचे जे चांगले आहे ते शाळेत आणावयाचे आणि आळीचे कुंपण शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावयाचे, हे शिक्षकाचे काम आहे.

आळीचे चांगले ते वाढवणारा शिक्षक कसा असतो, याचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आठवणींत आहे. १८५८ साली जन्मलेल्या कर्व्यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरुड गावी गेले. तेथील सोमण गुरुजींचे ऋण त्यांनी आत्मवृत्तात कृतज्ञतेने नोंदविले आहे. शाळेची वेळ संपली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांपैकी हे गुरुजी नव्हते. गावातील लोकांना जगाची वार्ता कळावी म्हणून देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्यांनी या विद्यार्थ्याकडे सोपविले. मूल वाचते आहे आणि गाव ऐकते आहे, असे दृश्य ज्या शिक्षकाने घडविले त्याने शाळा आणि शेजार यांच्यामधील उंबरा पुसून टाकला.

त्याच विद्यार्थ्याची दुसरी आठवण कटू आहे. १८७५ साली परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यास निघाला. शंभर मैलांहून अधिक वाट, पावसाचे दिवस, सह्याद्रीचे घाट, आणि सारा प्रवास पायी. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याच्या लहान चणीकडे पाहिले आणि वयाची सतरा वर्षे भरलेली दिसत नाहीत म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय भरलेले होते. पाहणाऱ्यांना ते दिसले नाही. या दोन्ही आठवणी मनात वागवणारा माणूस पुढे काय करतो? १९३६ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. जेथे शाळाच नाही अशा खेड्यांत शाळा काढणे हा त्याचा हेतू होता. वृद्धापकाळी ते त्यासाठी वर्गणी गोळा करीत फिरले. लहानपणी मिळालेले देणे असे फिरून गावाकडे येते.

आता वर्तमानाकडे वळले पाहिजे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई केली. गोणपाटाचा वेगळा तुकडा आज कोणत्याही शाळेत कायद्याने ठेवता येत नाही. तरीही 'हे घर माझे आहे काय?' हा प्रश्न मुलांच्या मनातून गेलेला नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर निघून जाणारे मूल उन्हाळ्याच्या तोंडी गावी परत येते. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, शिक्षण हमी पत्रकही आहे. पण परत आलेल्या त्या मुलाला वर्गात आपली जागा दुसऱ्याने घेतलेली दिसली, पुस्तकाची निम्मी पाने पुढे गेलेली दिसली आणि कोणी 'आलास का रे, बरे झाले' असे म्हटले नाही, तर पत्रक खिशात राहते आणि मूल शाळेबाहेर जाते. पाड्यावरून येणारे, घरी निराळी बोली बोलणारे मूल पहिल्या दिवशी तोंड उघडते आणि वर्ग हसतो. त्यानंतर ते वर्षभर तोंड उघडत नाही. ही आजची गोणपाटे होत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ती उचलून टाकणे अधिक कठीण आहे.

यासाठी शिक्षकाने काय करावे? मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट बसण्याच्या जागेची. दर सोमवारी रांगा बदलाव्यात, म्हणजे पुढची जागा कोणाचा वारसा होत नाही आणि दारालगतची जागा कोणाची शिक्षा होत नाही. दुसरी गोष्ट नावाची. प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने, पूर्ण व शुद्ध उच्चाराने हाक मारावी. टोपणनाव, व्यंगावरून पडलेले नाव, जातीचे किंवा धंद्याचे नाव वर्गात उच्चारले जाऊ नये. तिसरी गोष्ट पाण्याची व भोजनाची. पिण्याचे पाणी भरणे, पोषण आहार वाढणे ही कामे पाळीपाळीने सर्व मुलांकडे, मुलगे आणि मुली यांच्याकडे सारखीच यावीत. कोण वाढतो आणि कोण दूर सरकतो, हे शिक्षकाने पंगतीत स्वतः बसून पाहावे.

चौथी गोष्ट आळीची. शिक्षकाने महिन्यातून एकदा तरी गावातील प्रत्येक वस्तीतून पायी हिंडावे. पट वाढवण्यासाठी किंवा माहितीचे तक्ते भरण्यासाठी नव्हे, तर नुसते ओळखीसाठी. ज्या मुलाच्या घरी शिक्षक जाऊन बसला ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत ताठ मानेने येते. पाचवी गोष्ट अशी की, आळीतील माणसांना शाळेत आणावे. कुंभाराने चाक आणावे, आजीने जात्यावरची गाणी म्हणावीत, वृद्धांनी आपल्या शाळेच्या आठवणी सांगाव्यात आणि मोठ्या वर्गातील मुलांनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. गावातील ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांच्याही आठवणी त्यांत याव्यात. शाळा का सुटली हे त्यांच्या तोंडून ऐकणे हा शिक्षकाच्या प्रशिक्षणाचाच भाग होय.

आणि अखेरची गोष्ट रजिस्टराची. एखाद्या नावापुढे 'सतत गैरहजर' हे शब्द लिहिण्यापूर्वी शिक्षकाने त्या घरी जाऊन यावे आणि मुलाशी, केवळ पालकांशी नव्हे, बोलावे. कारण कळले तर निम्मे काम झाले. पुष्कळदा ते कारण वर्गातच सापडते आणि ते दूर करणे एका हाकेचे काम असते.

प्राथमिक शिक्षकाचे वेतन, बदली, अहवाल आणि परीक्षेचे निकाल यांची नोंद कार्यालयात होत असते आणि ती व्हावयास हवी. पण त्याच्या सेवेची खरी गोपनीय नोंद वर्गातील सहा-सात वर्षांची मुले लिहीत असतात. ती त्याला कधी वाचावयास मिळणार नाही. तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षांनी कोठल्या तरी ओट्यावर बसून कोणी तरी ती मोठ्याने वाचील. ती चांगली निघावी यासाठी आज सकाळच्या हजेरीपासून आरंभ करता येतो.